युरोपातली जैववीज: पहिला नंबर कोणाचा, हे विचारण्याआधी

हिशोबनीस

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर एक चित्र फिरत होतं. युरोपचा नकाशा, प्रत्येक देशावर एक आकडा आणि वर मथळा, 'जैवइंधनापासून सर्वात जास्त वीज बनवणारे देश'. जर्मनी गडद हिरवा, पहिला. खाली लगेच सुरू झालं की बघा, या लोकांनी शेणातून आणि पालापाचोळ्यातून वीज काढली, आणि आपण अजून कोळसा जाळतोय. मी चौदा वर्षं उत्तर जर्मनीत, लोअर सॅक्सनीतल्या एका खेड्यात राहतो. घरामागच्या शेतापलीकडे बायोगॅसचा प्लांट आहे, स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याचे हिरवे घुमट दिसतात. ते चित्र खोटं नाही. पण त्यावरून लोक जे ठरवत होते ते चुकीचं होतं, म्हणून हा धागा.

आधी आकडे. टेरावॅट-तास हा शब्द डोक्यावरून जातो, म्हणून युनिटमध्ये बोलू. एक टेरावॅट-तास म्हणजे एक अब्ज युनिट, आपल्या बिलावर असतं तेच युनिट. जर्मनीत बायोगॅस, लाकूड आणि कचऱ्यातला जैविक भाग असं सगळं धरून वर्षाला साधारण ५० अब्ज युनिट जैववीज होते. ब्रिटनची ३५ ते ४० अब्ज. त्यानंतर बऱ्याच अंतराने इटली, मग स्वीडन, फिनलंड. एकूण बेरीज बघितली तर जर्मनी पहिलाच.

आता तेच आकडे माणशी करा. जर्मनीची लोकसंख्या सव्वाआठ कोटींच्या वर, म्हणजे माणशी ६०० युनिट. फिनलंडची वस्ती ५६ लाख, तिथे माणशी २,००० च्या वर जातात. आणि देशात बनणाऱ्या एकूण विजेतला वाटा बघितला, तर जर्मनीत जेमतेम नऊ-दहा टक्के, डेन्मार्कमध्ये मात्र जवळजवळ पाचवा हिस्सा. नॉर्वेत जंगलं भरपूर, तरी तिथे जैववीज नगण्य, कारण धरणांतूनच सगळी गरज भागते. म्हणजे झाडं किती यावरूनही काही ठरत नाही.

पण मला खरं बोलायचंय ते याही पुढचं आहे. हे सगळे देश 'जैववीज' या एकाच शब्दाखाली पूर्णपणे वेगवेगळ्या गोष्टी जाळतात. जर्मनीत मक्याचा मुरघास (आंबवलेला हिरवा चारा), ब्रिटनमध्ये समुद्रापलीकडून आलेल्या लाकडाच्या गोळ्या, फिनलंडमध्ये कागद कारखान्यातला काळा पाक, डेन्मार्कमध्ये गव्हाचं काड. काय जाळलं आणि वीज काढून झाल्यावर उरलेली उष्णता कुठे गेली, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय या देशांची तुलना करता येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

माझ्या डोळ्यांसमोरचं सांगतो. सप्टेंबर संपत आला की गावात रात्रंदिवस ट्रॅक्टर सुरू होतात. मोठाली यंत्रं मका उभाच्या उभा कापून कुट्टी करतात, ट्रॉल्या भरून प्लांटवर येतात, तिथे सिमेंटच्या लांबलचक खड्ड्यात तो थर देऊन दाबला जातो. वर काळं प्लास्टिक, त्यावर जुन्या टायरांचं वजन. दहा-बारा दिवसांनी वाऱ्याबरोबर जो आंबूस-गोड वास येतो तो आपल्याकडच्या कुठल्याही दूधवाल्या गावातल्या मुरघासाचाच. फरक एवढाच, की हा मुरघास जनावरासाठी नसतो. रोज सकाळी लोडर येतो, एक काप काढतो आणि घुमटाखालच्या टाकीत ढकलतो. त्यात डुकरांची आणि गायींची स्लरी, म्हणजे शेण-मुताचा पातळ रबडा, मिसळते, गॅस होतो, गॅसवर इंजिन चालतं.

हे आपोआप घडलं नाही. २००० साली जर्मनीत अक्षय ऊर्जा कायदा आला. त्याने प्रत्येक युनिटला ठरलेला दर वीस वर्षांसाठी बांधून दिला. २००४ च्या दुरुस्तीत खास ऊर्जेसाठी पेरलेल्या पिकांना वर बोनस मिळाला, २००९ मध्ये तो वाढला. शेतकऱ्याने हिशोब केला: दुधाचा भाव वरखाली होतो, हा दर वीस वर्षं हलत नाही. काही वर्षांत नऊ हजारांहून जास्त प्लांट उभे राहिले. सुमारे ९ लाख हेक्टरवर फक्त बायोगॅससाठी मका उभा राहायला लागला. जर्मन भाषेत यासाठी शब्दच तयार झाला, 'फेरमाइझुंग', म्हणजे सगळीकडे मकाच मका होणं. २०१२ मध्ये सरकारने नवीन प्लांटसाठी मक्यावर ६० टक्क्यांची मर्यादा घातली, पुढे ती आणखी खाली आणली.

तर 'शेणातून वीज' हे अर्धवट खरं आहे. आकड्याने सांगायचं तर एक टन मक्याच्या मुरघासातून साधारण १०० घनमीटर मिथेन, म्हणजे बायोगॅसमधला जळणारा वायू, मिळतो, आणि गायीच्या एक टन पातळ स्लरीतून जेमतेम १५ च्या आसपास. गावातल्या प्लांटचं पोट मका भरतो.

फिनलंड, इंग्लंड, डेन्मार्कमधले आपले सभासद आहेत, त्यांनी आपापल्या देशाचं लिहावं ही विनंती.


शेवंती

माहितीपूर्ण धागा. मुरघासाचं वाचून आजोळ आठवलं. वाचतेय.


शंकासूर

चांगला विषय. एक शंका. तुम्ही 'कचऱ्यातला जैविक भाग' असं लिहिलंत. घरातल्या कचऱ्यात प्लास्टिक पण जळतं, ते पण जैववीजच धरतात का? आणि हा भाग मोजतो कोण?


हिशोबनीस

नाही, प्लास्टिकचा वाटा धरत नाहीत. साधा नियम असा की शहरी कचरा जाळून केलेल्या विजेपैकी निम्मी जैविक समजायची. म्हणजे अन्न, कागद, लाकूड, सुती कापड यांचा वाटा निम्मा. काही देश नमुने तपासून स्वतःची टक्केवारी लावतात. त्यामुळे कुठल्याही तक्त्याखाली 'कचऱ्यासह' की 'कचरा वगळून' हे बघायलाच हवं. जर्मनीत त्याने पाच-सहा अब्ज युनिटांचा फरक पडतो. दुसरं म्हणजे पीट, दलदलीत हजारो वर्षं साठलेला अर्धवट कुजलेला पालापाचोळा. फिनलंडमध्ये तो लाकडाच्याच बॉयलरमध्ये जळत आलाय, पण तो जैववीजेत मोजत नाहीत, कारण तो पुन्हा तयार व्हायला काही हजार वर्षं लागतात.


हंबरकाठ

मी हल शहरात राहतो, नोकरीनिमित्त हंबर नदीच्या बंदरांवर सतत जाणं असतं. ब्रिटनचा आकडा समजून घ्यायचा तर एक नाव पुरे आहे, ड्रॅक्स.

यॉर्कशरमधल्या सेल्बीजवळचं हे वीजकेंद्र १९७४ मध्ये सुरू झालं, शेजारच्या खाणींतल्या कोळशावर. एके काळी ते देशातलं सर्वात मोठं कोळसा केंद्र होतं. २०१३ ते २०१८ या काळात सहापैकी चार संच लाकडी पेलेटवर, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या गोळ्यांवर, बदलले. आज त्यांची क्षमता साधारण २,६०० मेगावॅट आहे आणि देशाच्या विजेतला विसावा हिस्सा तरी या एका ठिकाणाहून येतो. आपल्या कोराडीसारखं केंद्र डोळ्यांसमोर आणा आणि त्यात कोळशाऐवजी भुशाच्या गोळ्या टाका.

लाकूड कुठलं? बहुतेक सगळं अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतलं आणि कॅनडातलं. लुइझियाना, मिसिसिपीमध्ये पाइनची झाडं आणि लाकूडकटाईतला माल भरडून, वाळवून, दाबून बोटाच्या पेराएवढ्या गोळ्या करतात. जहाजाने अटलांटिक ओलांडून त्या इमिंगहॅम, लिव्हरपूल, हल इथल्या बंदरांवर येतात, तिथून रेल्वेने ड्रॅक्सला. वर्षाला साठ-सत्तर लाख टन. कोळसा उघड्यावर पावसात पडून राहिला तरी चालतो. पेलेटला पाणी लागलं की फुगून भुसा होतो. म्हणून रेल्वेचे मालडबे खास बनवून घेतले, त्यांची छपरं आपोआप उघडतात आणि मिटतात. केंद्रावर चार पांढरे घुमट आहेत, प्रत्येक ५० मीटर उंच, प्रत्येकात ७५ हजार टन माल बसतो. ढीग आतून तापून पेट घेऊ नये म्हणून आत नायट्रोजन सोडायची सोय आहे.

हे सगळं बघून मला एका बाजूने आदर वाटतो. ही इंजिनियरिंगची मोठी कामगिरी आहे, आणि ब्रिटनने ३० सप्टेंबर २०२४ ला शेवटचं कोळसा केंद्र बंद केलं त्यात याचाही वाटा आहे. पण हिशोबनीस यांचा दुसरा प्रश्न इथे बोचतो. ड्रॅक्सला बारा कूलिंग टॉवर आहेत. लाकडातल्या १०० भाग उष्णतेपैकी वीज होते ४० च्या आत, बाकीची बहुतेक उष्णता त्या टॉवरांतून आणि चिमणीतून यॉर्कशरच्या आभाळात जाते. समुद्रापलीकडून आणलेल्या लाकडाचं हे असं होतं.

पैशाचं पण सांगतो. २०२४ च्या जानेवारीत सरकारी खर्च तपासणाऱ्या इथल्या नॅशनल ऑडिट ऑफिसने अहवाल दिला. बायोमासला, म्हणजे लाकडासारखं जैविक इंधन जाळण्याला, आजवर सुमारे २२ अब्ज पौंडांची मदत गेली, आणि लाकूड शाश्वत आहे याची खात्री करण्याची सरकारची व्यवस्था पुरेशी असल्याचं दाखवता येत नाही, असा त्याचा रोख होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वीज-गॅस नियामक ऑफजेमच्या चौकशीनंतर ड्रॅक्सने अडीच कोटी पौंड भरायचं मान्य केलं. कॅनडातल्या लाकडाच्या वर्गवारीची माहिती नीट दिली नव्हती. मदत चुकीने दिली गेल्याचं मात्र आढळलं नाही, हेही त्यात होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये नवा करार जाहीर झाला, २०२७ ते २०३१ साठी. मदत निम्मी, चालवायचं ते वर्षातला थोडाच काळ, म्हणजे वारा पडला आणि मागणी वाढली तेव्हा.


निळाई

मला एक मूळ आक्षेप नोंदवायचाय. झाड जाळणं याला आपण 'हरित' म्हणतोच का? चिमणीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड मोजला तर एका युनिट विजेमागे लाकूड कोळशापेक्षा जास्त सोडतं, कारण लाकडात ओल असते आणि उष्मांक कमी असतो. तरी ड्रॅक्सच्या खात्यावर तो शून्य लिहितात. चाळीस वर्षं वाढलेलं झाड अर्ध्या मिनिटात जळतं. नवीन झाड तेवढंच वाढेपर्यंतची चाळीस वर्षं तो वायू हवेतच असतो ना? आणि आपल्याला तापमानवाढ रोखायची आहे ती याच चाळीस वर्षांत.


हंबरकाठ

निळाई, तुमचं म्हणणं बरोबर आहे. फक्त तो शून्य कुठून येतो ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना ती लबाडी वाटते. आंतरराष्ट्रीय हिशोबाचा नियम असा की लाकडातला कार्बन झाड तोडलं त्या देशाच्या जमीन-जंगल खात्यात, म्हणजे जमीन आणि जंगलाच्या कार्बन हिशोबात, मांडायचा. चिमणीवर पुन्हा मांडला तर दुप्पट मोजणी होईल. कागदावर नियम बरोबर आहे. अडचण अशी की तोड होते मिसिसिपीत, वीज वापरली जाते लीड्समध्ये, आणि लीड्सच्या विजेचा दर ठरवताना मिसिसिपीचं खातं कोणी उघडत नाही.

शिवाय सगळं लाकूड सारखं नसतं. आरागिरणीचा भुसा तसाही एक-दोन वर्षांत कुजून वायूच झाला असता, तो जाळला तर परतफेड लवकर होते. उभं झाड फक्त जाळण्यासाठी तोडलं तर अनेक दशकं लागतात. युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्राच्या २०२१ च्या अहवालात, ऊर्जेसाठी वापरल्या जाणाऱ्या लाकडापैकी जवळपास निम्मं हे असं उपउत्पादन आहे, ३७ टक्के थेट जंगलातून येतं आणि उरलेल्याचा उगमच नोंदलेला नाही, असं होतं. मला त्या शेवटच्या वाट्याचीच जास्त काळजी वाटते.


उत्तरवारा

फिनलंडमधून. उशिरा लिहितोय, क्षमस्व.

इथला आकडा माणशी इतका मोठा का, ते एका वाक्यात सांगता येतं. फिनलंड केवळ वीज बनवण्यासाठी लाकूड जाळत नाही, कागद बनवताना वीज निघते. ओंडका कारखान्यात येतो तेव्हा त्यातला साधारण निम्माच भाग लगदा होतो. लाकडाला कडक ठेवणारं लिग्निन रसायनांत विरघळून जातं आणि काळा, डांबरासारखा पाक उरतो, ब्लॅक लिकर. तो आटवून घट्ट करतात आणि सोडा रिकव्हरी बॉयलरमध्ये जाळतात. वाफ मिळते, वीज मिळते, आणि तळाशी वितळलेली रसायनं परत मिळतात, ती पुन्हा लगद्यासाठी. हा पाक जाळला नाही तर कारखाना चालूच शकत नाही.

माझं काम यवास्कुलाजवळ आहे, त्यामुळे आनेकोस्की इथला कारखाना पाहायची संधी मिळाली. २०१७ मध्ये सुरू झाला. स्वतःला लागते त्याच्या जवळपास अडीचपट वीज तो बनवतो, उरलेली ग्रिडला देतो. नियंत्रण कक्षातून बॉयलरच्या तळाचं चित्र दिसतं, लालभडक लाव्हासारखा रस ओघळत पन्हाळीतून उतरत असतो. सालीपासून गॅस बनवायचा वेगळा विभाग. लाकडाचा एक काडीभर तुकडा वाया जात नाही.

पण इथेही सगळं आलबेल नाही. २०२२ मध्ये रशियाकडून येणाऱ्या लाकडाच्या चिपा थांबल्या, आणि शहरं गरम ठेवणाऱ्या बॉयलरांसाठी देशातल्याच लाकडावर ताण आला. त्याच वर्षी २०२१ चे आकडे बाहेर आले तेव्हा पहिल्यांदा दिसलं की फिनलंडचं जमीन-जंगल खातं कार्बन शोषण्याऐवजी सोडायला लागलंय. इथल्या लोकांना जंगल म्हणजे घरच. त्या बातमीने ऑफिसात माणसं खरोखर गप्प झाली होती. पाक जाळण्यावर कोणाचा आक्षेप नाही, प्रश्न आहे तो किती झाडं तोडायची याचा.


चिपाड

+१ उत्तरवारा. तुमचा ब्लॅक लिकर वाचून वाटलं, हे तर आमचंच.

मी सांगली जिल्ह्यात एका साखर कारखान्याच्या को-जनवर, म्हणजे वाफ आणि वीज एकत्र बनवणाऱ्या विभागात, बावीस वर्षं आहे. ऊस गाळला की ३० टक्क्यांच्या आसपास चिपाड उरतं, निम्मं पाणी धरलेलं. ते बॉयलरमध्ये जातं, वाफ टर्बाइनमधून जाते, आणि टर्बाइनमधून बाहेर पडलेली कमी दाबाची वाफ इव्हॅपोरेटर आणि पॅनला रस आटवायला जाते. वाफ दोनदा राबते. म्हणून गळीत हंगामात को-जन चालवणं परवडतं. हंगाम संपला की रस नाही, मग वाफेला दुसरं काम नाही, ती कंडेन्सरमध्ये थंड करून पाणी करावी लागते, आणि इंधनही विकत आणावं लागतं. तेव्हा हिशोब बसत नाही. ड्रॅक्स म्हणजे बारमाही ऑफ-सीझन असं मला हंबरकाठ यांचं वाचून वाटलं.

एक विचारायचं होतं. डेन्मार्कचं गव्हाचं काड. आम्ही एकदा हंगामाबाहेर सोयाबीनचं भुसकाट आणि काडाच्या ब्रिकेट टाकून बघितल्या. चौथ्या दिवशी सुपरहीटरच्या (वाफ आणखी तापवणाऱ्या) नळ्यांवर काचेसारखा क्लिंकर, म्हणजे वितळून घट्ट झालेली राख, धरला, छिन्नी-हातोड्याने फोडायला तीन पाळ्या लागल्या. हे लोक तीस वर्षं काड कसं जाळतात?


कोपनहेगनकर

चिपाड साहेब, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. काडात पोटॅशियम आणि क्लोरीन जास्त असतं, त्यामुळे राख कमी तापमानाला मऊ होते, चिकटते आणि नळ्या खाते. डेन्मार्कलाही सुरुवातीला हाच त्रास झाला. तरी ते मागे हटले नाहीत, कारण १९९३ मध्ये संसदेत झालेल्या करारानुसार मोठ्या वीजकेंद्रांना वर्षाला १४ लाख टन बायोमास जाळणं बंधनकारक केलं होतं, त्यात बहुतांश काडच. काड शेतातच पेटवायला तिथे आधीच बंदी झाली होती, त्यामुळे माल होता.

तोडगा असा की वाफेचं तापमान कोळशाच्या बॉयलरपेक्षा कमी ठेवायचं, नळ्यांना गंजरोधक पोलाद वापरायचं, आणि काही दिवस पावसात भिजलेलं काड पसंत करायचं, कारण पाऊस पोटॅशियम आणि क्लोरीन धुऊन नेतो. शेतकरी अशा फिकट पडलेल्या काडाला 'राखाडी काड' म्हणतात, ताजं ते 'पिवळं'.

कोपनहेगनच्या दक्षिणेला अवेडोरे वीजकेंद्र आहे, तिथे हे मी स्वतः पाहिलंय. ट्रक येतो, त्यावर प्रत्येकी अर्ध्या टनाच्या चौकोनी गासड्या. वरून क्रेन येते, बारा गासड्या एकदम उचलते, आणि उचलता-उचलताच वजन आणि ओलावा मोजून घेते. ओल ठरलेल्यापेक्षा जास्त निघाली तर माल परत. ड्रायव्हर केबिनमध्ये बसून स्क्रीनकडे बघत असतो, त्याचा चेहरा मला अजून आठवतो, आपल्या बाजार समितीत काटा बघणाऱ्या शेतकऱ्यासारखाच.

आणि वाफ दोनदा राबते, हे इथलंही गमक आहे. वीज काढून उरलेल्या उष्णतेने पाणी तापवतात आणि जमिनीखालच्या नळांनी घराघरात नेतात. कोपनहेगनमधली जवळपास सगळी घरं अशी गरम होतात. अवेडोरेच्या नव्या संचात इंधनातल्या ऊर्जेपैकी ९० टक्क्यांहून जास्त उपयोगात येते. थंडी हीच इथली साखर आहे म्हणा.

एक खंत नोंदवतो. काडाची गोष्ट सगळे अभिमानाने सांगतात, पण आज डेन्मार्कच्या केंद्रांत जळणाऱ्या लाकडी पेलेटचा मोठा भाग आयात आहे, त्यात बाल्टिक देशांतला बराच. एस्टोनियातल्या जंगलतोडीचे फोटो इथल्या वर्तमानपत्रांत येतात तेव्हा मला अस्वस्थ व्हायला होतं.


शंकासूर

स्वीडनचं कोणीच लिहिलं नाही?


उत्तरवारा

थोडक्यात लिहितो. स्वीडनने १९९१ मध्येच कार्बन कर लावला, त्यामुळे गावं गरम करण्यासाठी तेल आणि कोळसा महाग पडून लाकडाच्या चिपा स्वस्त झाल्या. वेक्ख्यो शहराने १९८० पासूनच चिपा जाळायला सुरुवात केली होती आणि १९९६ मध्ये जीवाश्म इंधन सोडायचा ठराव केला. स्टॉकहोमच्या बंदराजवळ २०१६ मध्ये सुरू झालेला संच १३० मेगावॅट वीज देतो आणि २८० मेगावॅट उष्णता. आता तिथल्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडून समुद्रतळाखाली पुरायचं काम हाती घेतलंय.


पो_नदी

मी मिलानजवळ शिकतो, शेतीशास्त्र. इटलीची एक गंमत, म्हणजे कायदा काय करू शकतो याचा नमुना. २०१२ अखेरपर्यंत एक मेगावॅटपर्यंतच्या प्लांटला युनिटमागे २८ युरो सेंट मिळायचे, पंधरा वर्षांसाठी. परिणाम? लोम्बार्डीत फिरा, प्लांटवरच्या पाटीवर क्षमता वाचा, ९९९ किलोवॅट. पुन्हा पुढच्या गावात, ९९९ किलोवॅट.

पण इटालियन बायोगॅस शेतकऱ्यांनी एक शहाणपण केलं, ते मला खूप मोलाचं वाटतं. मुख्य पीक खाण्यासाठी किंवा चाऱ्यासाठी आणि त्याच रानात हिवाळी दुबार पीक बायोगॅससाठी, अशी पद्धत त्यांनी मांडली. टाकीतली उरलेली स्लरी परत रानात. जमीन वर्षभर झाकलेली राहते, रासायनिक खत कमी लागतं. खेडोपाडी जाऊन मी मातीचे नमुने घेतलेत, काही रानांत फावडं लावलं की गांडुळं दिसतात.


निळाई

पो_नदी, हे आवडलं. मग हिशोबनीस, तुमच्या जर्मनीतल्या त्या ९ लाख हेक्टरांवर सोलर लावलं तर?


हिशोबनीस

हा प्रश्न इथे प्रत्येक ग्रामसभेत येतो. एका हेक्टर मक्यातून वर्षाला साधारण १८ ते २० हजार युनिट वीज होते. त्याच हेक्टरवर सोलर पॅनेल लावले तर नऊ-दहा लाख युनिट. म्हणजे पन्नासपट. नुसते युनिट मोजायचे असतील तर मका हरला, वाद संपला.

पण जानेवारीतल्या संध्याकाळी सहाला, अंधार, धुकं आणि पवनचक्क्या उभ्या, अशा वेळी पॅनेल शून्य देतं. बायोगॅस घुमटात साठून असतो. म्हणून आता इथे धोरण असं वळतंय की वर्षभर संथ चालणाऱ्या इंजिनाऐवजी दुप्पट-तिप्पट मोठं इंजिन बसवायचं आणि फक्त वीज महाग असेल त्या तासांत चालवायचं. गॅस तेवढाच, वीज तेवढीच, पण योग्य वेळी. तक्त्यात हे कुठेच दिसत नाही. जर्मनीचे ५० अब्ज पुढच्या काळात ४० झाले तरी त्यांची किंमत वाढलेली असू शकते.

मक्याखालची जमीन कमी व्हायलाच हवी, यात मला शंका नाही. प्लांट आले तेव्हा आमच्या भागात जमिनीचा खंड, म्हणजे भाडं, इतका चढला की शेजारच्या एका दूधवाल्या कुटुंबाने पाच वर्षांत गायी विकल्या. कराराने घेतलेली चराऊ रानं त्यांच्या हातून गेली. त्या घरातल्या आजी आजही प्लांटच्या बाजूने चालत जात नाहीत, लांबचा रस्ता घेतात.


चिपाड

खंडाचं वाचून वाईट वाटलं. तुमच्या प्लांटच्या इंजिनाची उष्णता कुठे जाते, ते सांगितलं नाहीत.


हिशोबनीस

हे विचाराल याची वाट बघत होतो. गटिंगनजवळ युंडे नावाचं गाव आहे, जेमतेम साडेसातशे वस्तीचं. २००५ मध्ये त्यांनी सहकारी संस्था काढून बायोगॅस प्लांट आणि चिपांचा बॉयलर बसवला आणि गावभर गरम पाण्याचे नळ टाकले. जर्मनीतलं पहिलं जैवऊर्जा ग्राम. आमच्याकडे तसं झालं नव्हतं, सुरुवातीची कित्येक वर्षं इंजिनाची बरीचशी उष्णता पंख्यांनी उडवून देत.

हा धागा सुरू केल्यावर परवा मुद्दाम प्लांटच्या मालकांना भेटायला गेलो. साठीचे गृहस्थ, मुलगा आता कारभार बघतो. ठरलेल्या दराची त्यांची वीस वर्षं भरत आली आहेत. दोन वाटा होत्या, प्लांट मोडीत काढायचा किंवा नवीन निविदेत उतरायचं. मुलाने दुसरी वाट घेतलीय. मका निम्म्यावर आणून भोवतालच्या आठ गोठ्यांची स्लरी घेणार, मोठं दुसरं इंजिन मागवलंय, आणि पंचवीस मीटर उंच गरम पाण्याची टाकी उभी राहतेय, इंजिन बंद असतानाही गावाला उष्णता मिळावी म्हणून. शाळेपर्यंतचा चर खणून झालाय. मी गेलो तेव्हा रस्त्याकडेला काळे जाडजूड नळ पडले होते, आत पोलादी नळी, भोवती फेसाचा पिवळा थर. मुलगा एका नळाच्या तोंडाशी उकिडवा बसून जोड बघत होता. मी विचारलं, आमच्या गल्लीत कधी? म्हणाला, अकरा घरांनी सह्या केल्यात, चौदा झाल्या की खणतो.

काल आम्ही सही केली. बारा झाल्या.